कुदळ पडण्याआधीची दोन वर्षे

सोलापुरात महापालिकेची नवी इमारत म्हटली की लोकांना भूमिपूजनाचा मंडप आठवतो. त्या इमारती बांधून घेणाऱ्या आम्हाला आधी नस्ती, म्हणजे फाईल, आठवते. विभागीय कार्यालय असो, अभ्यासिका असो की प्रसूतिगृह, नारळ फुटण्याआधीच त्या इमारतीचे निम्मे नशीब तीन कागदांवर ठरून गेलेले असते: जागेचा उतारा, अंदाजपत्रक आणि निधीचा आदेश. हे तीन कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर काम पहिल्या स्लॅबवर येऊन थांबते आणि वर निघालेल्या सळ्या उन्हापावसात गंजत राहतात. अशी अर्धवट इमारत पाहिली की जीव तुटतो, कारण ती टाळता आली असती. म्हणून ही प्रक्रिया, ती करताना जशी दिसत गेली तशी, क्रमाने मांडत आहोत.

सुरुवात उताऱ्यापासून. जुन्या शहरातली जागा असेल तर सिटी सर्व्हे कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढायचे, हद्दवाढ भागात असेल तर सात-बारा. महापालिका १ मे १९६४ ला झाली, तरी जुन्या मिळकतीच्या पत्रकावर कधी कधी त्याआधीच्या बरो म्युनिसिपालिटीचेच नाव सापडते. मग आधी नाव बदलून घ्यायचे, त्यात सहा महिने सहज जातात. हद्दवाढ भागातला घोळ वेगळा. १९९२ मध्ये आजूबाजूची गावे शहरात आली आणि शहराचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. त्या भागातल्या लेआउटमध्ये सुविधेसाठी सोडलेली जागा नकाशावर महापालिकेची असते, पण सात-बारावर मूळ मालकच उभा असतो. सात-बारा हातात आला की नाव वाचण्याआधी 'इतर हक्क' हा रकाना वाचायचा. तिथे विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा दिसतो, एखाद्या बहिणीचा हक्क दिसतो, विहिरीतला हिस्सा दिसतो. यातली एक ओळ जरी राहून गेली तरी पाया खोदताना मनाईहुकूम येतो.

लेआउटमधली खुली जागा आणि सुविधा जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नगरसेवकांना दर वेळी समजावून सांगावे लागते. खुल्या जागेवर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे वाचनालय, व्यायामशाळा असे थोडके बांधकाम चालते, तेही ठरावीक टक्क्यांच्या आत. कार्यालय तिथे बसत नाही. ते सुविधा जागेवर किंवा विकास आराखड्यात त्यासाठी आरक्षित केलेल्या जागेवरच न्यावे लागते.

आरक्षणाची जागा खासगी असेल तर नगररचना अधिनियम १९६६ चे कलम १२६ लागते: वाटाघाटीने घ्या, वाढीव चटईक्षेत्र किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन घ्या, नाहीतर भूसंपादन करा. पुण्या-मुंबईत टीडीआर घेऊन मालक खुशीने जागा देतो. आपल्याकडे मूळचे चटईक्षेत्रच पुरते वापरले जात नाही, म्हणून टीडीआरला गिऱ्हाईक कमी. मालक रोख मागतो. वेळ काढला तर कलम १२७ डोक्यावर आहेच. विकास आराखडा अमलात येऊन १० वर्षे उलटली की मालक खरेदी सूचना, म्हणजे 'जागा विकत घ्या' अशी नोटीस, देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने पाऊल उचलले नाही तर आरक्षण सुटते. एकदा सुटलेली जागा परत मिळत नाही. म्हणून अशा सूचनेची आवक ज्या दिवशी होईल त्याच दिवशी तिची तारीख मालमत्ता, नगररचना आणि लेखा या तिन्ही विभागांच्या नोंदवहीत गेली पाहिजे.

जागा नावावर झाली की भूमी अभिलेखकडून मोजणी, हद्दीच्या खुणा आणि लगेच कुंपण. कुंपणाला निधी नाही म्हणून ते इमारतीसोबत करू, असे ठरले की मधल्या काळात तिथे टपऱ्या येतात. आणखी दोन ना-हरकती सोलापुरात विसरून चालत नाही. भुईकोट किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. त्याच्यापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. सिद्धेश्वर तलावाकडच्या कितीतरी मोक्याच्या जागा यात येतात. दुसरी ना-हरकत विमानतळाच्या उंचीची. होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली ती याच प्रश्नावरून, हे शहराने पाहिले आहे. तीन मजल्यांच्या इमारतीला बहुधा अडचण येत नाही, पण गच्चीवरची टाकी, लिफ्टची खोली आणि वीजरोधक दांडा धरून उंची कळवायची असते.

किती मोठी इमारत हवी, हे ठरवताना 'भविष्याचा विचार करून' हा शब्दप्रयोग फार महागात पडतो. रांग मोजावी. मिळकतकराच्या सवलतीची मुदत संपत आलेल्या आठवड्यात खिडकीपुढे किती माणसे उभी असतात, जन्म-मृत्यू दाखल्यासाठी दिवसाला किती जण येतात, त्यातले किती वृद्ध असतात, हे आठवडाभर टिपले की तळमजल्याचा आकार आपोआप निघतो. लोकांचे काम तळमजल्यावर, अधिकाऱ्यांची दालने वर. अभिलेख कक्षाकडे मात्र वास्तुविशारदाचे हमखास दुर्लक्ष होते. फायलींनी भरलेल्या खोलीला आय.एस. ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे प्रति चौरस मीटर ५ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ५०० किलो भार धरावा लागतो. फायलींची वेगळी खोली असलेल्या साध्या कार्यालयाला याच्या निम्मा. वरच्या मजल्यावर कार्यालय म्हणून आखलेल्या खोलीत पुढे लोखंडी रॅक भरले की बीमला तडे जातात. म्हणून अभिलेख कक्ष तळमजल्यावर, पण शौचालयाच्या भिंतीला लागून नको.

चाकाच्या खुर्चीसाठीचा उताराचा रस्ताही (रॅम्प) असाच कागदावर राहतो. जोते ६० सेंटिमीटर असेल तर १:१२ च्या उताराला ७.२ मीटर लांबी लागते, शिवाय वर-खाली सपाट जागा. आराखड्यात ती आधी धरली नाही तर काम संपताना पायऱ्यांच्या बाजूला अडीच-तीन मीटरची घसरगुंडी ओतली जाते आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस खालीच बसून राहतो. जोते त्याहून खाली घेऊनही चालत नाही. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर पडतो आणि जुन्या इमारतींचे दरवाजे रस्त्याच्या पातळीखाली जातात.

आता पैशांचे. सभेपुढे विषय येतो तेव्हा एकच आकडा बोलला जातो, आणि तो नेहमी अपुरा असतो. समजा, १,००० चौरस मीटरची इमारत आहे आणि राज्याच्या दरसूचीप्रमाणे नुसते बांधकाम ३ कोटींचे निघाले. त्यावर पाणीपुरवठा व मलनिस्सारण २४ लाख, विद्युतीकरण ३० लाख, अग्निशमन १० लाख, लिफ्ट १२ लाख, आणि कुंपण, फरसबंदी, बोअर, पाऊसपाणी पुनर्भरण व सौर संच मिळून ३० लाख धरू. झाले ४ कोटी ६ लाख. यावर १८ टक्के जीएसटी ७३ लाख ८ हजार, कामगार कल्याण उपकर १ टक्का म्हणजे ४ लाख ६ हजार, आकस्मिक खर्च ४ टक्के म्हणजे १६ लाख २४ हजार, सल्लागार आणि त्रयस्थ तपासणी ३ टक्के म्हणजे १२ लाख १८ हजार. एकूण ५ कोटी ११ लाख ५६ हजार. यात एक खुर्चीदेखील नाही. फर्निचर, संगणक, नेटवर्क हे वेगळे अंदाजपत्रक, आणि ते वेळेत केले नाही तर तयार इमारत कुलूप लावून पडून राहते.

जीएसटीचा फटका ताजा आहे. १८ जुलै २०२२ पासून स्थानिक संस्थांच्या बांधकाम कंत्राटावरचा दर १२ वरून १८ टक्के झाला. वरच्या उदाहरणात त्या एका दिवसाने २४ लाख ३६ हजार वाढतात. प्रशासकीय मान्यता आधीची आणि निविदा नंतरची, अशी जी कामे सापडली त्यांना ती रक्कम कुठून आणायची हा प्रश्न पडला. सविस्तर अंदाजपत्रक प्रशासकीय मान्यतेच्या १० टक्क्यांपेक्षा वर गेले की सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. नस्ती पुन्हा शून्यापासून फिरते. म्हणून आम्ही मान्यतेला जातानाच कर वेगळ्या ओळीत दाखवतो आणि ज्या वर्षी काम निघणार त्या वर्षाच्या दरसूचीचा अंदाज धरतो.

लीडचा, म्हणजे माल वाहून आणण्याच्या अंतराचा, तक्ता स्वतः तपासावा. खडी, क्रश सँड, मुरूम कुठल्या खाणीतून किती किलोमीटरवरून येणार यावर दर हलतो, आणि जुन्या कामाचा तक्ता तसाच चिकटवण्याची सवय अजून गेलेली नाही. विटांच्या बाबतीत आपल्याला एक सोय आहे: एनटीपीसीच्या प्रकल्पाची राख जवळच मिळते, त्यामुळे फ्लाय ॲश विटा धरल्या तर वाहतूक खर्च कमी येतो.

निधी कुठून येतो? जिल्हा नियोजन समिती, राज्याची नगरोत्थान योजना, शासनाचे विशेष अनुदान, आमदार-खासदार निधी आणि स्वनिधी. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. खासदार निधीत सरकारी कार्यालयाची इमारत बसत नाही, वाचनालय बसते. तेव्हा एकाच इमारतीत अभ्यासिका आणि विभागीय कार्यालय असेल तर जिना, प्रवेशद्वार आणि वीजमीटर सुरुवातीपासून वेगळे काढावेत, म्हणजे खर्चाची वाटणी लेखापरीक्षणात टिकते. अनुदानाच्या आदेशात खर्चाची मुदत लिहिलेली असते. ती तारीख लाल शाईने नस्तीच्या पहिल्या पानावर लिहायची. मुदतीत न खर्चलेला पैसा परत जातो आणि पुढच्या मागणीच्या वेळी तेच तोंडावर फेकले जाते. स्मार्ट सिटीत सोलापूर जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत निवडले गेले. महापालिकेच्या इंद्रभुवन या देखण्या दगडी इमारतीचे जतन, पार्क स्टेडियमचे नूतनीकरण त्यातून झाले. मिशन ३१ मार्च २०२५ ला संपले आणि तो झरा आटला. पुढच्या इमारतींना असा एकरकमी पैसा गृहीत धरता येत नाही.

स्वनिधीचे वास्तव कडू आहे. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ पासून जीएसटीची भरपाई शासनाकडून महिन्याला येते. ती वेतन आणि निवृत्तिवेतनातच बहुतांश संपते. मग उजनी आणि टाकळीच्या पंपांचे वीजबिल. इमारतीच्या लेखाशीर्षाला तरतूद असते, पण तरतूद म्हणजे रोकड नव्हे. कार्यादेश देण्याआधी मुख्य लेखापालांकडून मागील दायित्वाचा दाखला घ्यायचा: या शीर्षात आधीची किती देयके थकली आहेत आणि या कामाला प्रत्यक्ष किती उरते. ठेकेदारांना हा हिशेब आपल्याआधी माहीत असतो. देयक वर्षभर रखडणार हे दिसले की तो व्याज दरातच धरतो आणि निविदा जादा दराने येते.

कर्ज काढता येते. महानगरपालिका अधिनियमात त्याची तरतूद आहे, सभेचा ठराव आणि शासनाची मंजुरी लागते. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी काढले. आपल्या आकाराच्या महापालिकेने कार्यालयाच्या इमारतीसाठी कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाणी योजनेला पाणीपट्टी तरी येते, विभागीय कार्यालय काही कमावत नाही. तळमजल्यावर गाळे काढून भागवू, हा मोह प्रत्येक आराखड्यात होतो. गाळे काढायचेच असतील तर दर्शनी बाजूची मोजकीच जागा द्यावी, भाडे आणि नूतनीकरणाची अट करारातच बांधावी. करार संपल्यावर भाडे ठरवायला बसलो तर वर्षानुवर्षे वाद चालतो आणि तोवर नागरिकांची बसायची जागाही गेलेली असते.

५ कोटी ११ लाखांच्या कामाला बहुधा २ कोटी आधी मिळतात. इथेच मोठी चूक होते. त्या २ कोटींत तिन्ही मजल्यांचा सांगाडा उभा केला जातो, 'पुढचा निधी येईलच' म्हणून. तो तीन वर्षे येत नाही. आमचा आग्रह उलटा असतो: पाया आणि कॉलम तीन मजल्यांच्या भाराचे, पण तळमजला पूर्ण करायचा. वीज, पाणी, शौचालय, रंग, दारे, वरची जलरोधक प्रक्रिया, सगळे. जिना, लिफ्टचा खड्डा आणि पाइपांचा मार्ग पहिल्याच टप्प्यात. कॉलमच्या पुढे काढलेल्या सळ्या जोडाच्या लांबीइतक्याच, १६ मिलिमीटरच्या सळीला साधारण ८० सेंटिमीटर, आणि त्यांना सिमेंटचा लेप देऊन कच्च्या काँक्रीटच्या खोक्यात झाकून टाकायचे. पुढचा टप्पा आला की खोके फोडले, सळ्या निघाल्या तशाच काळ्याशार. लोक तोवर खाली कर भरत असतात.

निविदेबद्दल थोडक्यात. बी-१ नमुना, टक्केवारी दर. पहिल्या वेळी तीन निविदा आल्या नाहीत तर मुदतवाढ किंवा फेरनिविदा, म्हणजे महिना-दीड महिना गेला. '१८ टक्के बिलो', म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी दराची निविदा, आली की सभागृहात आनंद होतो, आम्हाला धडकी भरते. नियमाप्रमाणे जादा सुरक्षा ठेव घेतली जाते, पण तेवढ्याने दर्जा सांभाळला जात नाही. तिथे उभे राहूनच काम घ्यावे लागते. आचारसंहितेचे दिवस वार्षिक वेळापत्रकातच वजा करावेत. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा मिळून जवळजवळ चार महिने नवे कार्यादेश निघाले नाहीत.

आता जमीन. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. अंदाजपत्रकाआधी प्लॉटच्या तीन कोपऱ्यांत खड्डे घ्यायचेच, एकावर भागत नाही. एका खड्ड्यात दीड मीटरवर पिवळा मुरूम लागतो आणि वीस पावलांवरच्या दुसऱ्यात साडेतीन मीटरपर्यंत काळीच माती निघते, कारण तिथे पूर्वी नाला असतो. अंदाजपत्रकात सरसकट दीड मीटर खोदाई धरली असेल तर खोदाई, भराव आणि काँक्रीट या तिन्ही बाबी वाढतात. निविदेतल्या परिमाणापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक वाढ झाली की कराराचा क्लॉज ३८ लागतो, नव्याने दर, नव्याने मंजुरी.

पायाची मोजणी ज्या दिवशी होते तो दिवस चुकवायचा नाही. कॉलमच्या खड्ड्यात उतरून पहारीचा घाव घालायचा. मातीत पहार मऊ धपकन रुतते, मुरमात खरखरते, खडकावर हाताला झिणझिण्या येतात. तळाची पातळी डंपी लेव्हलने घ्यायची, पट्टी उभी धरून फोटो, आणि मोजमाप पुस्तिकेत जागेवरच नोंद. पीसीसी, म्हणजे पायाखालचे साधे काँक्रीट, पडल्यावर खाली काय होते हे कोणी सांगू शकत नाही. जोत्याच्या भरावात खोदलेली काळी मातीच परत ढकलली जाते, कारण ती फुकट असते. दोन पावसाळ्यांत फरशी उचलते ती त्यामुळे. मुरूम २० सेंटिमीटरच्या थरात, पाणी मारून, ठोकून भरायचा. आय.एस. १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर तिसऱ्या भूकंपक्षेत्रात आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा हादरा इथे सगळ्यांनी अनुभवला. तेव्हा कॉलम-बीमच्या सांध्यातल्या रिंगा मोजल्याशिवाय काँक्रीटला परवानगी नाही.

पाणी हे सोलापुरातल्या बांधकामाचे खरे दुखणे. नळाला काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर काम चालत नाही आणि ते तसे चालूही नये. बोअरचे पाणी प्रयोगशाळेत द्यायचे: आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत, पीएच ६ पेक्षा कमी नको. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. तेव्हा काँक्रीट पहाटे सुरू करून दहाच्या आत संपवायचे, स्लॅबवर वाफे करून पाणी भरायचे, कॉलमला गोणपाट गुंडाळून दिवसातून चार वेळा भिजवायचे. कॉलमचा गोणपाट दुपारी दोन वाजता हाताने दाबून पाहावा. कोरडा लागला तर त्या दिवशी क्युरिंग झालेले नाही, वहीत काहीही लिहिलेले असो.

चालू खर्चाचे पान प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावालाच जोडावे. तीन पाळ्यांत एकेक पहारेकरी म्हणजे सुट्टी-बदली धरून चार माणसे. सफाई, लिफ्टची वार्षिक देखभाल, वीज, पाण्याचा टँकर, दर सहा महिन्यांनी अग्निसुरक्षेचा नमुना 'ब' दाखला. याशिवाय दुरुस्तीसाठी बांधकाम खर्चाच्या दीड टक्का दरवर्षी बाजूला काढावा, असे आम्ही धरतो. वरच्या उदाहरणात ४ कोटी ६ लाखांवर सहा लाख नऊ हजार. अनुदान इमारत बांधून देते. ती चालवायला कोणी अनुदान देत नाही. हे पान वाचल्यावर सभेने एखादी इमारत लहान केली तर उत्तमच.

ताबा घेताना चाव्यांबरोबर प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे घ्यावेत. भिंतीतले पाइप आणि वायर कुठून गेले हे दाखवणारे. भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेच्या स्वतःच्या इमारतीलाही हवेच, आणि वीजमीटर ठेकेदाराच्या नावावरून आपल्या नावावर करून घ्यायचे राहून जाते. दोषदायित्वाची, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याची, मुदत संपायच्या आधीच्या महिन्यात गच्चीची पाणी-चाचणी करायची. पन्हळींची तोंडे बंद करून पाच सेंटिमीटर पाणी भरायचे, कठड्यावर पेन्सिलने पातळीची रेघ मारायची आणि ४८ तास थांबायचे. उन्हाने पातळी थोडी उतरते, ते धरून चालायचे. मग खाली उतरून प्रत्येक खोलीचे छत टॉर्चने बघायचे, लिफ्टच्या खोलीचा कोपरा आणि पन्हळीच्या पाइपाभोवतीची जागा विशेष. ओल कुठेच नसेल तर ठेकेदाराची अनामत परत करण्याच्या कागदावर सही.